जन्माने अमेरिकी, नोकरी पुण्यात: अमेरिकेचे प्राप्तिकर विवरणपत्र भरावे लागते का?

प्रश्न – ओसीआय_पुणेकर

नमस्कार. माझा जन्म १९९६ साली मिशिगनमध्ये झाला. बाबा तेव्हा तिथे एच-१बी व्हिसावर नोकरीला होते. मी अडीच वर्षांची असताना आम्ही पुण्याला परतलो आणि त्यानंतर मी अमेरिकेला एकदाच, मावसबहिणीच्या लग्नासाठी, पंधरा दिवस जाऊन आले आहे. माझ्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि भारताचे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) आहे. २०१९ पासून हिंजवडीत नोकरी करते. पगार सध्या वर्षाला २४ लाख रुपये आहे, त्यातून दरमहा टीडीएस कापला जातो आणि भारतातले विवरणपत्र मी एकदाही उशिरा भरलेले नाही.

गेल्या महिन्यात बँकेने केवायसी अद्ययावत करताना एक जोडफॉर्म पाठवला. त्यात जन्मस्थान, नागरिकत्व आणि अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारला होता. असा क्रमांक आपल्याला आहे हेच मला ठाऊक नव्हते. आईला विचारले तेव्हा तिने लोखंडी कपाटाच्या लॉकरमधून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात माझा जन्मदाखला, लसीकरणाचे पिवळे पडलेले पुस्तक आणि एक निळसर, घडी न मोडलेले कार्ड होते. क्रमांक त्यावर होता.

त्यानंतर थोडे वाचले आणि झोप उडाली. अमेरिकेच्या नागरिकाने जगात कुठेही राहून कमावले तरी त्याला तिथले विवरणपत्र भरावे लागते, असे दिसते. मी आजवर एकही भरलेले नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, मग मी इथे पूर्ण कर भरत असताना पुन्हा तिथे का भरायचा, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की, मागच्या वर्षांचे काय करायचे? माझे लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झाले, नवरा भारतीय नागरिक आहे, त्याच्या पगाराचाही यात संबंध येतो का? आमचे दोघांचे संयुक्त खाते आहे, माझे तीन म्युच्युअल फंडांत मिळून सुमारे ११ लाख रुपये आहेत, पीएफ आहे, आणि आई-बाबांच्या बहुतेक मुदत ठेवींवर दुसरे नाव माझे आहे. पुढच्या वर्षी पासपोर्टचे नूतनीकरण आहे, त्यात काही अडचण येईल का, हीही धास्ती आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – हिशेबी_माणूस

मी अमेरिकी विवरणपत्रांचे काम काही वर्षे केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आपली सगळी कागदपत्रे पाहिल्याशिवाय दिलेले उत्तर हे शेवटचे उत्तर नसते, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

आधी धीराचा भाग. आपल्या पगारावर अमेरिकेला प्रत्यक्ष द्यावा लागणारा कर बहुधा शून्य निघेल. पण कर शून्य असणे आणि विवरणपत्र भरण्याची गरज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्यासारख्या बहुतेकांचा घोटाळा नेमका इथेच होतो. भारत, ब्रिटन किंवा जर्मनी माणूस कुठे राहतो ते पाहून कर लावतात. अमेरिका नागरिकत्व पाहूनही लावते. ही प्रथा तिथल्या यादवी युद्धाच्या काळातल्या प्राप्तिकरापासूनची आहे, आणि मेक्सिको सिटीत राहणाऱ्या कुक नावाच्या एका अमेरिकी नागरिकाने तिला आव्हान दिले तेव्हा १९२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्याला शंभर वर्षे उलटली, नियम तोच आहे. या बाबतीत अमेरिकेची सोबत करणारा देश म्हणून नाव घेतले जाते ते इरिट्रियाचे.

आता कराराबद्दल. भारत-अमेरिका करार १९८९ साली झाला, पण त्याच्या पहिल्याच कलमात अमेरिकेने स्वतःच्या नागरिकांवर जणू करारच नाही अशा रीतीने कर लावण्याचा हक्क राखून ठेवला आहे. त्यामुळे ‘करार आहे, म्हणून मला भरायची गरज नाही’ हे म्हणणे आपल्या नवऱ्याला शोभेल, आपल्याला नाही. दुहेरी कर टळतो तो विवरणपत्र भरून, परदेशी कराची वजावट मागितल्यावर, म्हणजे भारतात भरलेला कर अमेरिकी करातून वजा करून घेतल्यावर.

ही वजावट फॉर्म १११६ वर मागतात. आपलेच आकडे घेऊन पाहू. २०२४ चा सरासरी विनिमय दर सुमारे ८३.७ रुपये धरला तर २४ लाख म्हणजे सुमारे २८,७०० डॉलर. त्यातून त्या वर्षाची १४,६०० डॉलरची प्रमाणित वजावट गेली की १४,१०० उरतात. पहिल्या ११,६०० वर दहा टक्के आणि उरलेल्या २,५०० वर बारा टक्के, म्हणजे अमेरिकी कर १,४६० डॉलर, आपल्या पैशात साधारण सव्वा लाख रुपये. एवढ्याच पगारावर २०२४-२५ मध्ये नव्या करप्रणालीने भारतात सुमारे चार लाख रुपये कर बसतो. चार लाखांसमोर सव्वा लाख सहज पुसले जातात आणि उरलेली वजावट एक वर्ष मागे किंवा दहा वर्षे पुढे नेता येते. एक बारकावा मात्र आहे: तिथले करवर्ष जानेवारी ते डिसेंबर आहे, आपले एप्रिल ते मार्च. त्यामुळे नुसता फॉर्म १६ पुढे करून भागत नाही, बारा महिन्यांच्या पगारपावत्या मांडून जानेवारी ते डिसेंबरचा पगार आणि त्या काळात कापला गेलेला टीडीएस वेगळा काढावा लागतो. पीएफमध्ये कंपनीने भरलेला वाटा इथे करमुक्त असला तरी तिथे बहुतेक जण तो पगारातच धरतात. पीएफवरच्या व्याजाबद्दल मात्र आमच्या धंद्यात आजही दोन मते आहेत.

लग्नामुळे एक गोष्ट बदलली, ती फार कमी लोकांना माहीत असते. एकट्या व्यक्तीला २०२४ साठी १४,६०० डॉलरच्या आत उत्पन्न असेल तर विवरणपत्र भरावे लागत नाही. पण लग्न झालेले आहे आणि पती-पत्नी एकत्र विवरणपत्र भरत नाहीत, अशा वेळी ही मर्यादा पाच डॉलरवर येते. पाच हजार नव्हे, पाच. लग्न झाले होते की नाही हे ३१ डिसेंबरची स्थिती पाहून ठरते, म्हणून आपण २०२३ चे पूर्ण वर्ष विवाहित धरल्या जाता. यजमानांच्या पगाराशी अमेरिकेचा संबंध नाही, जोवर आपण दोघे मिळून विवरणपत्र भरण्याचा पर्याय निवडत नाही तोवर. तो निवडलात तर त्यांचे जगभरचे उत्पन्न त्यात येते आणि त्यांच्यासाठी वेगळा करदाता क्रमांक काढावा लागतो. आपल्या बाबतीत त्यात फायदा दिसत नाही.

आता खरा धोक्याचा भाग: बँक खाती. वर्षातल्या कोणत्याही एका दिवशी अमेरिकेबाहेरच्या सर्व खात्यांची मिळून रक्कम १०,००० डॉलरच्या, म्हणजे २०२४ अखेरच्या दराने साधारण साडेआठ लाख रुपयांच्या वर गेली, तर एफबार नावाचे वेगळे पत्रक भरावे लागते. ते विवरणपत्राचा भाग नाही, जातेही वेगळ्या विभागाकडे, आणि केवळ ऑनलाइन भरले जाते. मुदत १५ एप्रिलची, पण न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. संयुक्त खात्याची पूर्ण रक्कम मोजायची, अर्धी नाही. आई-बाबांच्या ज्या ठेवींवर आपण दुसऱ्या धारक आहात त्या सगळ्या यात येतात, जरी त्यातला एक रुपयाही आपला नसला तरी. त्यांचे व्याज मात्र ज्यांनी पैसा घातला त्यांचे, म्हणजे आई-बाबांचे. ते आपल्या उत्पन्नात धरू नये. जिथे आपण केवळ नॉमिनी आहात ती खाती मोजायची नाहीत. तेव्हा आधी आईंना पावत्या काढायला सांगा आणि प्रत्येकीवर आपले नाव धारक म्हणून आहे की नॉमिनी म्हणून, ते पाहा. पुष्कळ घरांत हा फरक कुणी कधी तपासलेला नसतो.

अमेरिकेबाहेर राहणाऱ्या आणि जोडीदारापासून वेगळे विवरणपत्र भरणाऱ्याची परदेशी खात्यांसारखी आर्थिक मालमत्ता वर्षअखेरीस दोन लाख डॉलरच्या किंवा वर्षात कधीही तीन लाखांच्या वर गेली, तर विवरणपत्रासोबत फॉर्म ८९३८ हाही जोडावा लागतो. ठेवींची बेरीज झाल्यावर ते कळेल. बँकेने आपल्याला फॉर्म का पाठवला याचे उत्तरही इथेच आहे: २०१० च्या फॅटका या अमेरिकी कायद्यानुसार आणि त्यासाठी भारताने जुलै २०१५ मध्ये केलेल्या करारानुसार भारतीय बँका अमेरिकी नागरिकांच्या खात्यांची माहिती आपल्या प्राप्तिकर खात्याला देतात आणि प्राप्तिकर खाते ती पुढे अमेरिकेला पाठवते. त्या फॉर्मवर खोटे उत्तर देऊ नये. ‘जन्मस्थान पुणे’ लिहून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत आणि नंतर त्यांची झालेली पंचाईतही.

मागच्या वर्षांसाठी सुव्यवस्थित अनुपालन योजना आहे, तिला सगळे स्ट्रीमलाइन्डच म्हणतात. मुदत उलटून गेलेल्या अलीकडच्या तीन वर्षांची विवरणपत्रे आणि सहा वर्षांचे एफबार भरायचे, आणि फॉर्म १४६५३ वर आपण हे जाणूनबुजून टाळले नाही, असे सहीनिशी लिहून द्यायचे. अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना यात दंड नाही. थकलेला कर आणि त्यावरचे व्याज असेल तर तेवढे भरावे लागते. अट अशी की आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने, आपली चौकशी सुरू करण्याआधी हे झाले पाहिजे. त्या फॉर्मवर ‘मला नियम माहीत नव्हता’ एवढे एक वाक्य लिहून पाठवू नका, ते अपुरे मानले जाते. मिशिगन, अडीच वर्षे वय, पंधरा दिवसांची एक भेट, बँकेचा फॉर्म, कपाटातली पिशवी, असे जे आपण इथे लिहिले आहे तेच तिथे तारखांसह लिहा. एफबार वगळता हा गठ्ठा कागदावर छापून टेक्ससमधल्या ऑस्टिनला टपालाने जातो आणि प्रत्येक विवरणपत्राच्या पहिल्या पानावर योजनेचे नाव लाल अक्षरांत लिहावे लागते. लाल शाईचे पेन आणून ठेवा, झेरॉक्सवर लाल रंग उमटत नाही, ही चूक माझ्या हातून झालेली आहे.

पासपोर्टची धास्ती नको. तो अडवला जातो तो निश्चित झालेली, मोठी करथकबाकी असलेल्यांचा. त्याची मूळ मर्यादा ५०,००० डॉलरची होती आणि तीही महागाईनुसार दरवर्षी वाढते. नूतनीकरणाच्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक मात्र लिहावा लागेल.

उत्तर – परतलेला_नाशिककर

वरच्या उत्तरात म्युच्युअल फंडांचा विषय राहिला आहे, आणि माझ्या मते प्रश्नकर्तीच्या यादीतली सर्वात अवघड वस्तू तीच आहे. मी सतरा वर्षे कॅलिफोर्नियात होतो, तिथले नागरिकत्व घेतले, २०१७ साली आई-वडिलांसाठी नाशिकला परत आलो. जून २०१८ मध्ये बँकेतल्या एका साहेबांनी ‘सर, मुदत ठेवीत काय ठेवताय’ म्हणून सहा लाख रुपये एका इक्विटी फंडात घालायला लावले. मी अमेरिकी नागरिक आहे हे त्यांच्या कागदावर लिहिलेले होते. त्याचा अर्थ त्यांना माहीत नव्हता आणि मलाही नव्हता.

२०२३ मध्ये ते साडेदहा लाखांना विकले. भारतात त्या वेळच्या नियमाने एका लाखावरच्या नफ्यावर दहा टक्के, उपकर धरून ३६,४०० रुपये कर भरला आणि विषय संपला असे समजलो. अमेरिकेच्या दृष्टीने मात्र परदेशातला कोणताही म्युच्युअल फंड ही ‘निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी’ ठरते, तिला व्यवहारात पीफिक म्हणतात. नियम १९८६ चा आहे. अमेरिकी लोकांनी बाहेरच्या देशांतल्या फंडांत पैसा दडवून कर पुढे ढकलू नये, हा त्यामागचा उद्देश. त्यात आमच्यासारखे एसआयपीवालेही भरडले जातात, याची फिकीर कुणाला नव्हती.

विक्रीचा नफा अमेरिकी नियमाने पाच वर्षांच्या एकेका दिवसावर समान वाटला, मागच्या प्रत्येक वर्षाच्या वाट्यावर त्या वर्षाचा सर्वोच्च दर, म्हणजे ३७ टक्के, लावला (माझा स्वतःचा दर त्याच्या जवळपासही नव्हता) आणि तो कर तेव्हाच भरायला हवा होता असे धरून वर व्याज. दिलासा एवढाच होता की हिशेब डॉलरमध्ये होतो. सहा लाख घातले तेव्हा डॉलर ६८ च्या आसपास होता, विकताना ८२. रुपयांत साडेचार लाख दिसणारा नफा डॉलरमध्ये सुमारे ४,००० च भरला. तरीही अमेरिकेच्या बाजूचा कर व्याजासकट लाखाच्या वर निघाला. शिवाय प्रत्येक फंडासाठी, दरवर्षी, वेगळा फॉर्म ८६२१. माझ्या कर सल्लागाराने प्रत्येक फॉर्मचे वेगळे पैसे घेतले. त्यांचेही बरोबर आहे, तो फॉर्म भरणे म्हणजे लोणच्याच्या बरणीतून मोहरी वेचण्यासारखे आहे.

प्रश्नकर्तीताई, आपल्या बाबतीत एक चांगली गोष्ट आहे. अशा सर्व फंडांची मिळून किंमत ३१ डिसेंबरला २५,००० डॉलरच्या आत असेल आणि त्या वर्षात काही विकलेले नसेल किंवा मोठा लाभांश आलेला नसेल, तर त्या वर्षी फॉर्म ८६२१ भरण्यातून सूट मिळते. आपले ११ लाख म्हणजे तेरा हजारांच्या आसपास. तेव्हा घाबरून सगळे एकदम विकू नका, विकले की सूट गेली आणि वरचा हिशेब लागू झाला. नवे हप्ते आजच थांबवा. विकायचे ते कसे आणि केव्हा, हे सल्लागाराशी बोलून ठरवा. दरवर्षी बाजारभावाने नफा मोजून कर भरण्याचाही एक पर्याय आहे, तो कधी घ्यावा यालाही शास्त्र आहे. टाटा, इन्फोसिस अशा चालत्या कंपन्यांचे समभाग थेट घेतले तर ही कटकट सहसा येत नाही. मी आता तेवढेच करतो.

उत्तर – सोपा_मार्ग

एवढे क्लिष्ट करण्याची गरज नाही असे मला वाटते. मी पाच वर्षे दुबईत आणि आता बंगळूरला आहे. परदेशातल्या कमाईसाठी फॉर्म २५५५ आहे. कोणत्याही सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर राहिलात की २०२४ साठी १,२६,५०० डॉलरपर्यंतची कमाई वगळता येते. चोवीस लाख पगार त्यात चार वेळा बसेल. फॉर्म १११६, टीडीएसचे तुकडे, विनिमय दर, कशालाही हात लावायला नको. माझा एक मित्र तर म्हणतो की उत्पन्न या मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्रच भरावे लागत नाही.

उत्तर – हिशेबी_माणूस

आपल्या मित्राचे म्हणणे चुकीचे आहे आणि ते फार ठिकाणी ऐकू येते, म्हणून स्पष्ट लिहितो. विवरणपत्र भरायचे की नाही हे वगळण्यापूर्वीच्या एकूण उत्पन्नावर ठरते. वगळणे हा विवरणपत्र भरून मागण्याचा हक्क आहे, न भरता आपोआप मिळणारी सूट नव्हे.

दुबईत असताना फॉर्म २५५५ घेतलात ते योग्यच होते, कारण तिथे पगारावर प्राप्तिकर नाही आणि वजावट मागायला काही हातात नसते. भारताची गोष्ट वेगळी. इथला कर अमेरिकी करापेक्षा जास्त बसतो, म्हणून फॉर्म १११६ घेतला तर कर शून्य होतोच आणि वर शिल्लक वजावट पुढे नेता येते. फॉर्म २५५५ ने वगळलेल्या कमाईवरच्या कराची वजावट मात्र मिळत नाही. फॉर्म २५५५ फक्त कमावलेल्या पैशाला लागू होतो: ठेवीचे व्याज, भाडे, समभागांवरचा नफा त्यात बसत नाही. एकदा तो पर्याय घेऊन नंतर सोडला तर पाच वर्षे आयआरएसच्या परवानगीशिवाय पुन्हा घेता येत नाही. आणि ज्या घरात सोशल सिक्युरिटी क्रमांक असलेले अमेरिकी नागरिक मूल आहे तिथे, फॉर्म २५५५ भरला की बालक करसवलतीचा रोख परत मिळणारा भाग हातचा जातो. सोपा मार्ग सोपा आहे हे खरे, पण तो भारतात पगार घेणाऱ्याने निवडण्याआधी दोन्ही हिशेब एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

उत्तर – मडगावची_चित्रकार

नोकरी नव्हे, स्वतःचे काम करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिते. मी मडगावला राहते, जन्म न्यू जर्सीचा, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि वेष्टनांची चित्रे करते, गिऱ्हाइके बहुतेक बाहेरची. मीही फॉर्म २५५५ भरून निश्चिंत बसले होते. २०२२ साली माझा खर्च वजा जाता नफा सुमारे ३०,००० डॉलर होता. प्राप्तिकर शून्य आला आणि त्याच पानावर खाली ४,२३९ डॉलर देणे निघाले.

ते स्वयंरोजगार कराचे होते. नफा ४०० डॉलरच्या वर गेला की त्याच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के दराने तो लागतो. तो तिथल्या सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) यांसाठी आहे. फॉर्म २५५५ ने तो एका पैशाने कमी होत नाही आणि भारतात भरलेल्या प्राप्तिकराची वजावटही त्याच्यासमोर चालत नाही. ब्रिटन, जर्मनी, जपान अशा देशांचा अमेरिकेशी सामाजिक सुरक्षेबाबत करार आहे, त्यामुळे तिथे स्वतःचे काम करणारा एकाच देशात भरतो. भारताशी असा करार झालेला नाही. म्हणून आम्हाला हा कर चुकत नाही. पगारदारांना भारतीय कंपनीकडून पगार मिळत असेल तर हे लागू नाही. प्रश्नकर्तीने संध्याकाळी काही शिकवण्या किंवा सल्ल्याचे काम सुरू केले तर एवढे आठवणीत ठेवावे.

पुन्हा – ओसीआय_पुणेकर

सर्वांचे मनापासून आभार. हप्ते काल थांबवले. आणखी दोन गोष्टी विचारते. घरी हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘मग ते नागरिकत्वच सोडून दे, नाहीतरी तुला कुठे तिकडे जायचे आहे.’ हे शक्य आहे का? आणि बाबा कोथरूडचा फ्लॅट माझ्या नावे बक्षीसपत्राने करणार होते. किंमत सव्वा कोटीच्या आसपास आहे. आता ते करावे की थांबावे?

उत्तर – हिशेबी_माणूस

नागरिकत्व सोडता येते, पण बाबांना एक गोष्ट सांगा: ओसीआय हे नागरिकत्व नाही. आपण आज अमेरिकेचे नागरिकत्व सोडले तर आपण कोणत्याच देशाच्या नागरिक राहणार नाही. ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झालेली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य असलेली व्यक्ती भारतीय नागरिकत्वासाठी नोंदणीचा अर्ज करू शकते. तो मार्ग आधी पक्का करावा, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाची वाट धरावी. शिवाय सोडतानाही फॉर्म ८८५४ वर मागच्या पाच वर्षांच्या अमेरिकी कराच्या सर्व जबाबदाऱ्या पार पाडल्या आहेत, असे शपथेवर लिहून द्यावे लागते. ते लिहून देता आले नाही तर मालमत्ता कितीही कमी असली तरी निर्गमन कराच्या, म्हणजे नागरिकत्व सोडून जाणाऱ्यांवरच्या कराच्या, नियमांत नाव येते. म्हणजे सोडायचे असले तरी आधी भरावेच लागते.

फ्लॅटबद्दल. अमेरिकी नसलेल्या व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरहून अधिक भेट आली तर फॉर्म ३५२० वर कळवावे लागते. भेटीवर आपल्याला कर नाही, पण न कळवल्याचा दंड भेटीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. सव्वा कोटी म्हणजे दीड लाख डॉलरच्या जवळ, तेव्हा हा फॉर्म लागेल. फ्लॅट स्वतः एफबारमध्ये येत नाही, कारण तो खाते नव्हे. त्याचे भाडे आले तर ते मात्र विवरणपत्रात दाखवायचे.

आणखी एक मुद्दा आहे, बोलायला बरा वाटत नाही, तरी सांगणे माझे काम आहे. बक्षीसपत्राने मिळालेल्या घराची खरेदी-किंमत अमेरिकी हिशेबात बाबांनी दिलेलीच धरली जाते. घर १९९९ साली आठ-दहा लाखांना घेतलेले असेल, तर पुढे विकताना जवळपास सगळी रक्कम नफा ठरेल. तेच घर मृत्युपत्राने, त्यांच्या पश्चात आले, तर त्या दिवसाची बाजारभावाची किंमत खरेदी-किंमत म्हणून धरतात. भारतात मात्र दोन्ही प्रसंगी बाबांचीच खरेदी-किंमत चालते. तेव्हा घाई करू नये. घर कुणाच्या नावावर असावे हे केवळ करावर ठरवायचे नसते, हेही खरे, आणि ते आपण घरात बसून ठरवाल.

पुन्हा – ओसीआय_पुणेकर

आज दुपारी आईने सगळ्या पावत्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. एकूण एकोणीस निघाल्या. अकरांवर मी दुसरी धारक आहे, सहांवर नॉमिनी, आणि दोन पोस्टाच्या आहेत ज्यांवर माझे नावच नाही. अकरांपैकी एक ठेव मार्च २०२४ मध्ये मोडून तिचे पैसे दुसऱ्या ठेवीत वळवले. मोडलेली ठेवही २०२४ च्या एफबारमध्ये दाखवायची का?

उत्तर – हिशेबी_माणूस

होय. वर्षात एक दिवस जरी ती चालू असेल तरी दाखवायची, मोडेपर्यंतची सर्वाधिक रक्कम लिहून. रुपयांचे डॉलर करताना तिथल्या अर्थखात्याचा ३१ डिसेंबरचा दर घ्यावा, सरासरी दर नव्हे. तो फक्त विवरणपत्रासाठी. एकच पैसा दोन ठेवींत दिसतो म्हणून बेरीज फुगलेली दिसेल, तरी प्रत्येक ठेव तिच्या क्रमांकासह वेगळीच लिहा. एका गोष्टीची मात्र खात्री करून घ्या: त्या सहा पावत्यांवर नॉमिनी म्हणून आपले नाव आहे ते बँकेच्या नोंदीतही तसेच आहे का? पावतीवर एक आणि संगणकात दुसरे, असे दोनदा पाहिले आहे.

पुन्हा – ओसीआय_पुणेकर

सोमवारी सुट्टी टाकली आहे. आईला घेऊन बँकेत जाते.